सडा ‘पोटखराबा’ म्हणून लिहिलाय. तो औद्योगिक क्षेत्र होण्याआधी आपण काय लिहून ठेवायचं?

कातळफूल

नमस्कार मंडळी.

माझं सासर राजापूर तालुक्यात. गावाचं नाव इथे देत नाही, कारण या विषयावर गावात दोन तट आहेत आणि दोन्हीकडे माझीच माणसं आहेत. घरामागची पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, चढून गेलं की सडा, म्हणजे जांभ्या कातळाचं उघडं पठार, लागतो. तिथे आमची साडेतीन एकर जागा आहे, सामाईक, सातबाऱ्यावर २९ नावं. क्षेत्राच्या रकान्यात ‘पोटखराबा’ आणि पिकाच्या रकान्यात काहीच नाही.

गेल्या उन्हाळ्यात मोजणीची यंत्रं घेऊन काही माणसं सड्यावर फिरत होती. सासरे काठी टेकत वर गेले आणि विचारलं, कशाची मोजणी? उत्तर मिळालं, “काका, इथे आहेच काय? नुसता कातळ.” सासरे ८१ वर्षांचे आहेत. पोरवयात याच कातळावर गुरं राखली. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

आमच्याच तालुक्यातल्या बारसूत काय झालं ते इथल्या बहुतेकांना आठवत असेल. तीन सरकारी तेल कंपन्यांनी २०१७ मध्ये एकत्र येऊन काढलेल्या कंपनीचा, वर्षाला ६ कोटी टन तेल शुद्ध करणारा कारखाना आधी नाणारला येणार होता. लोकांनी विरोध केला, मार्च २०१९ मध्ये तिथलं भूसंपादन मागे घेतलं गेलं. मग जानेवारी २०२२ मध्ये राज्याने केंद्राला पत्र लिहून बारसूची १३,००० एकर जागा सुचवली. त्या पत्रातलं मुख्य कारण काय होतं? यातली बहुतेक जमीन पडीक आहे, हेच. एप्रिल २०२३ मध्ये माती परीक्षणाची यंत्रं वर चढली तेव्हा त्या ‘पडीक’ जमिनीवर बायका भर उन्हात आडव्या पडल्या होत्या. अश्रुधूर सोडला गेला. माझी एक चुलत नणंद तिथे होती. पोलिसांपेक्षा तापलेल्या कातळाचे चटके जास्त लक्षात राहिले, असं ती सांगते.

मला वाटतं आपण हरतो ते रस्त्यावर उतरायच्या खूप आधी, कागदावर. सड्यावर काय आहे ते कागदात कुठेच नाही. मग तो रिकामा ठरतो, आणि रिकाम्या जागेला औद्योगिक क्षेत्र म्हणायला कितीसा वेळ लागणार?

खरं तर त्यावर काय नाही? मिरगाचा पाऊस पडला की खळग्यांत पाणी साठतं आणि बेडकांचा एवढा कालवा होतो की खाली घरात ऐकू येतो. आम्ही फोडशीची रानभाजी आणतो ती सड्याच्या कडेची. गुरांची वर्षाची वैरण तिथली. पावसाळ्यात वरच्या पट्टीत सासूबाई वरी आणि नाचणी करायच्या. ब्राह्मणदेवाचं ठिकाण तिथेच आहे. आणि पायऱ्या उतरून आलं की आमची बाव (विहीर), जिला मे महिन्यातही पाणी असतं, ते पाणी येतं कुठून?

मला तीन गोष्टी हव्या आहेत. सड्याबद्दल ज्यांना शास्त्रीय माहिती आहे त्यांनी ती साध्या मराठीत लिहावी. कायद्याची वाट कुणाला ठाऊक असेल तर सांगावी. आणि ज्यांना कारखाना हवा आहे त्यांनीही इथे बोलावं. त्यांना सोडून ही नोंद झाली तर ती अर्धीच राहील.

---

चाकरमानी_लालबाग

ताई, तुम्ही बोलावलंत म्हणून बोलतो. मी शेजारच्याच तालुक्यातला, मुंबईत २२ वर्षं. धाकटा भाऊ आयटीआय करून गावी बसलाय. लग्न जमत नाही, कारण नोकरी नाही. आंब्याचा सीझन दोन महिने, तोही अवकाळीने गेला की संपलं. गावात दारं बंद घरांची संख्या वाढतेय. गणपतीला आणि शिमग्याला कुलूप उघडतं तेवढंच.

सड्यावरची फुलं सुंदर आहेत, मला मान्य. पण माझ्या भावाने फुलांकडे बघून काय करायचं? तुमच्यासारखी माणसं मनापासून लिहितात, पण त्याच्या प्रश्नाला उत्तर देत नाहीत. रागावू नका.

---

रानवही

मी वनस्पतीशास्त्र शिकवते आणि दर पावसाळ्यात रत्नागिरी-सिंधुदुर्गातले सडे फिरते. कातळफूल, तुमच्या बावीपासूनच सुरुवात करू.

जांभा हा सच्छिद्र दगड. वर पडलेलं पाणी त्यातल्या भेगांतून आणि भोकांतून खाली झिरपतं. खाली शेडीचा, म्हणजे चिकण मातीचा थर लागला की पाणी अडतं आणि आडवं सरकत उतारावर झऱ्यातून बाहेर येतं. म्हणून कोकणातल्या वाड्या सड्यावर नाहीत, सड्याच्या पायथ्याशी आहेत. आपल्या वाडवडिलांनी घरं पाण्याच्या वाटेवर बांधली. सडा सपाट करून त्यावर काँक्रीट ओतलं की ही वाट वरच बंद होते. त्याचे परिणाम ज्यांची एक फूट जमीनही संपादनात गेलेली नाही त्यांच्या विहिरीत दिसतात. नुकसानभरपाईच्या यादीत त्या विहिरीचं नाव कधीच नसतं.

आता वनस्पती. सड्यावर माती जेमतेम इंच-दोन इंच, ती पावसात चिंब आणि मार्चमध्ये भट्टी. असं टोकाचं जगणं सोसणाऱ्याच जाती तिथे टिकतात, आणि म्हणून त्यातल्या बऱ्याच दुसरीकडे कुठे सापडत नाहीत. दीपकाडी घ्या. पांढरी, लांब दांड्याची, पहिल्या पावसानंतर थोडेच दिवस फुलते. कोकण-गोव्याचा हा पट्टा सोडला तर ती जगात नाही. सीतेची आसवं ही निळी-जांभळी इवली फुलं सगळ्यांनी पाहिलेली असतात, पण ती कीटकभक्षी आहे हे कमी जणांना माहीत असतं. मातीत नत्र जेमतेम, म्हणून ती बारीक पिशव्यांत पाण्यातले सूक्ष्म जीव पकडून भूक भागवते. गेंद या वनस्पतीची तर एक जात रत्नागिरीच्याच नावाने ओळखली जाते.

आणि एक पाल. पांढऱ्या पट्ट्यांची, बोटभर, सड्यावरच्या सुट्या दगडांखाली राहणारी. १९६३ मध्ये तिचं शास्त्रीय वर्णन झालं ते रत्नागिरी जिल्ह्यातल्या डोर्ले गावच्या नमुन्यांवरून. दगड उचलून नेले की तिचं घर गेलं. कास पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात गेलं, तिकिटं लागली, कुंपणं झाली. कास उंचावर आहे. आपले सडे समुद्राजवळ, सखल. त्यांची प्रजा वेगळी आहे आणि त्यांना कसलंही कवच नाही. पडीक जमिनींच्या सरकारी नकाशात ‘खडकाळ, नापीक’ असा एक रंग असतो. आपल्या सड्यांना तोच रंग मिळतो, कारण उपग्रहाचं स्वच्छ चित्र कोरड्या महिन्यांतलं असतं. जुलैत वर ढग असतात.

---

जुना_महसुली

मी महसूल खात्यात ३१ वर्षं काढली, आता निवृत्त. सातबारे मी हाताने लिहिलेत, त्यामुळे थोडं स्पष्ट लिहितो.

‘पोटखराबा’ हा शब्द जमिनीची निंदा करायला आलेला नाही. त्याचा अर्थ एवढाच की या क्षेत्रावर शेतसारा आकारू नये. वर्ग ‘अ’ म्हणजे लागवडीला अयोग्य, वर्ग ‘ब’ म्हणजे रस्ता, पाणवठा, स्मशान अशा सार्वजनिक कामाला ठेवलेलं. साऱ्यापुरता असलेला शब्द पुढे जमिनीची किंमत ठरवायला वापरला गेला. मी स्वतः कितीतरी सड्यांच्या पुढे ‘पड’ लिहिलंय. त्या वेळी तेवढंच विचारलं जायचं.

आता वाट. राज्याचा औद्योगिक विकास कायदा १९६१ चा. आधी शासन अधिसूचना काढून त्या कायद्याचं भूसंपादनाचं सहावं प्रकरण एखाद्या क्षेत्राला लागू करतं. मग कलम ३२(२) ची नोटीस खातेदाराला येते, त्यात हरकतीची मुदत असते. त्यानंतर ३२(१) ची घोषणा झाली की जमीन शासनाकडे जाते. सामाईक खात्यात २९ पैकी २४ जण मुंबई, सुरत, पुण्यात असतात. नोटीस जुन्या पत्त्यावर जाते. मुदत संपते. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तेव्हा पहिलं काम म्हणजे मयत खातेदारांच्या वारसनोंदी करून घ्या आणि सगळ्यांचे पत्ते आजचे करा. यात काहीही क्रांतिकारक नाही, पण याच्याशिवाय हरकत टिकत नाही.

दुसरी वाट प्रादेशिक योजनेतल्या जमीनवापर बदलाची. १९६६ च्या नगररचना कायद्याखाली शेती किंवा हरित विभागाचा औद्योगिक विभाग करायचा तर नोटीस काढून हरकती मागवाव्या लागतात. ती नोटीस राजपत्रात आणि वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर येते. गावातल्या एकाने ती बघायचं काम अंगावर घ्यायला हवं.

आणि इथेच का लढायचं, तर एकदा पर्यावरण मंजुरीसह औद्योगिक वसाहत झाली की पुढे आत येणाऱ्या कारखान्यांना बहुतेक वेळा स्वतंत्र जनसुनावणी लागत नाही. पहिल्या दाराशीच बोलावं लागतं.

---

कातळफूल

@जुना_महसुली काका, तुम्ही “मी स्वतः लिहिलंय” म्हणालात ते मनाला लागलं. आभार. वारसनोंदीचं आजच दिरांना कळवते. आमच्या २९ मधले सहा जण हयात नाहीत.

@चाकरमानी_लालबाग दादा, रागावले नाही. माझा भाचाही डिप्लोमा करून बसलाय. तुमच्या भावाचा प्रश्न मी टाळणार नाही, पण तो प्रश्न आणि सडा यांना एकमेकांसमोर उभं कुणी केलं? आधी घेतलेल्या औद्योगिक क्षेत्रांत किती भूखंड रिकामे आहेत, किती वर्षं, ते कुणाकडे, याची यादी आपण माहितीच्या अधिकारात एकत्र मागवू. तुमच्याही सहीने. जिथे आधीच डोंगर कापलाय, रस्ता-वीज आहे, तिथे कारखाना आणा अशी मागणी करायला मी तुमच्याबरोबर येईन. नव्या सड्याला हात लावण्याआधी ती यादी पुढे यावी, एवढीच माझी अट.

---

खाडीकाठ

आम्ही दाभोळ खाडीवरचे. लोटे-परशुरामच्या रासायनिक वसाहतीचा अनुभव पश्चिम घाटाचा अभ्यास केलेल्या माधव गाडगीळ यांच्या समितीच्या २०११ च्या अहवालात आहे, त्यामुळे माझं मत म्हणून न लिहिता तिथलंच सांगतो. समितीसमोर लोकांनी आकडे मांडले : वसाहतीत ११,००० रोजगार, आणि खाडीतली मासळी गेल्याने बेकार झालेले मच्छीमार २०,०००. वरच्या दादांना हे मुद्दाम सांगतोय. रोजगार मोजताना एकच बाजू मोजतात. आमच्या वडिलांचं जाळं कुठल्याच नोंदीत ‘नोकरी’ म्हणून नव्हतं, म्हणून ते गेलं तेव्हा कुणाची नोकरी गेली असं कुणी म्हटलं नाही.

---

हापूस_बागायतदार

हा धागा तीन दिवस वाचतोय. लिहू की नको करत होतो.

आम्हीही सडा फोडलाय. २००९ मध्ये सुरुंग लावून खड्डे केले, बाहेरून माती आणून भरली आणि १८० कलमं लावली. सुटे दगड गोळा करून गडगा घातला. वर रानवही बाईंनी पालीबद्दल लिहिलंय ते वाचून तो गडगा डोळ्यापुढे आला. पाण्याची डबकी होती ती बुजली. बेडूक कमी झाले हे मला तेव्हाही कळत होतं, पण कर्ज होतं डोक्यावर.

मला एवढंच म्हणायचंय की नोंद करताना आमच्या बागांमुळे काय गेलं तेही लिहा. नाहीतर उद्या सुनावणीत समोरचा माणूस विचारेल, तुम्ही फोडला तेव्हा चाललं? तेव्हा आपल्याकडे खरं उत्तर पाहिजे. बागेत आणि कारखान्यात फरक आहेच. माझ्या बागेखालचा झरा अजून वाहतो, मधले पट्टे मी सोडलेत, तिथे आजही गवत येतं. पण झाकून ठेवण्यात अर्थ नाही. माझ्या बागेतली नोंद करायला कुणीही या.

---

रानवही

@हापूस_बागायतदार, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. तुम्ही सोडलेले पट्टे फार मोलाचे आहेत. फोडलेला आणि न फोडलेला सडा शेजारी शेजारी मिळाला तर बेडकांची आणि वनस्पतींची तुलना करता येईल. मी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येऊ का? निरोप पाठवलाय.

---

रेषा_कातळावरची

कातळशिल्पांबद्दल अजून कुणी कसं लिहिलं नाही? मार्च २०२२ मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. नऊ ठिकाणं : उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, देवाचे गोठणे, बारसू, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसायमाळ. म्हणजे ज्या बारसूला जानेवारीच्या पत्रात पडीक म्हटलं, तेच बारसू दोन महिन्यांनी जागतिक वारशाच्या उंबरठ्यावर होतं. सरकार एकच.

बारसूच्या सड्यावर दोन वाघांच्या मध्ये उभा असलेला माणूस कोरलाय. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा संध्याकाळचं ऊन तिरपं पडलं होतं. दुपारी न दिसलेल्या रेषा एकेक करून वर आल्या. काही वेळ कुणीच बोललं नाही. कशेळीला सुमारे १८ मीटरचा हत्ती आहे आणि त्याच्या पोटात इतर प्राणी. कुठे एकशिंगी गेंडा आहे, जो आज कोकणात नाही. ज्यांनी हे कोरलं त्यांनी तो पाहिला असणार. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकुरदेसाई यांनी वर्षानुवर्षं गावोगाव फिरून, गुराख्यांना विचारून ही शिल्पं शोधली. गुराख्यांना ती माहीत होतीच. ‘पांडवांची चित्रं’ म्हणून.

कातळफूल, तुमच्या सासऱ्यांना विचारा. गुरं राखलेला माणूस आहे.

एक सावधगिरी : नवीन शिल्प सापडलं तर नेमकं ठिकाण इथे टाकू नका, आधी जाणकारांना दाखवा. आणि शिल्पाभोवती दहा मीटरचं कुंपण घालून बाकी सडा देऊन टाकू, असा तोडगा कुणी मांडला तर तो मान्य करू नका. तो माणूस आणि ते वाघ ज्या उजाड मैदानात उभे आहेत, ते मैदान त्या चित्रात धरलेलं आहे.

---

सत्तरीकर

गोव्यातून थोडक्यात. २०२३ मध्ये आमच्या नगरनियोजन कायद्यात कलम १७(२) आलं. आराखड्यातल्या ‘चुका दुरुस्त’ करायच्या नावाखाली एकेका भूखंडाचा विभाग बदलू लागला. एकेक प्रकरण लहान, म्हणून कुणाच्या डोळ्यावर येत नाही. मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्याखालचे नियम रद्द केले. ते शक्य झालं कारण लोकांनी प्रत्येक राजपत्र वाचून, सर्व्हे नंबरनिशी यादी ठेवली होती. काका म्हणाले ते काम, एकाने नोटिसा बघायचं, ते आजपासून सुरू करा.

---

जुना_महसुली

सत्तरीकर, बरोबर.

आणखी एक राहिलं. २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. बऱ्याच ठिकाणी ही वही एखाद्या संस्थेने दुसऱ्या गावाची नक्कल करून भरलेली सापडते. तुमच्या पंचायतीत जाऊन ती वही मागा. त्यात सडा आहे का बघा. नसेल तर ग्रामसभेत ठराव करून पुरवणी जोडा. याच कायद्याच्या कलम ३७ खाली जैविक वारसास्थळ घोषित होतं. आंबोलीत हिरण्यकेशीच्या उगमाजवळची २.११ हेक्टर जागा २०२१ मध्ये एका माशासाठी घोषित झाली. दोडामार्गात हेवाळे-बांबर्डे इथली जायफळाच्या कुळातल्या झाडांची दलदल, २.५९ हेक्टर, तीही झाली. क्षेत्र लहान आहे, पण घोषित झालेली जागा ‘पडीक’ म्हणता येत नाही.

रत्नागिरी जिल्हा अनुसूचित (आदिवासी) क्षेत्रात नाही, त्यामुळे ग्रामसभेच्या नकाराने प्रकल्प आपोआप थांबत नाही. कुणी तसं सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. ठरावाचा उपयोग पुढे न्यायालयात पुरावा म्हणून होतो, आणि तो उपयोग मोठा आहे.

---

चाकरमानी_लालबाग

काल भावाशी तासभर बोललो. धागा वाचून दाखवला. तो म्हणाला, दादा, आपल्या सड्यावर पावसाळ्यात एक कोंड भरते, तिथे आपण पोहायला जायचो, ती अजून आहे. मी विसरलो होतो.

नोकरीचं मत माझं बदललेलं नाही. पण माहिती अधिकाराच्या अर्जावर सही करतो. आणि भावाकडे चांगला फोन आहे, तो फोटो आणि ठिकाणाची नोंद घेईल. रानवही मॅडम, त्याला काय कसं टिपायचं ते शिकवाल का? या कामाचे पैसे कुणी देत असेल तर तेही सांगा, त्याला लाज नाही आणि मलाही नाही.

---

रानवही

लाज कसली, कौशल्याचं काम आहे. माझ्या ओळखीच्या दोन अभ्यासप्रकल्पांना स्थानिक सहायक लागतात, मानधन मिळतं. मोठं नाही, पण नियमित. तुमच्या भावाचा नंबर निरोपातून द्या. जूनमध्ये त्यांनाही बागेवर बोलवते.

---

कातळफूल

सासऱ्यांना विचारलं. “पांडवांची चित्रं? हो, आहेत ना,” म्हणाले, जणू आम्ही आधी कधी विचारलंच नाही याचंच त्यांना नवल. नेमकं कुठे ते इथे लिहीत नाही.

कालपासून वही सुरू केली. ते सांगतात, मी लिहिते. पहिली नोंद अशी :

“म्हशीची कोंड. ब्राह्मणदेवापासून उगवतीला हाकेच्या अंतरावर. मिरगात भरते, नवरात्रानंतर आटते. पावसाळ्यात गुरं इथे पाणी पितात. काठाला पांढरी फुलं येतात, मोठी, आठ-दहा दिवस. १९७२ च्या दुष्काळात भरली नव्हती. बाकी सगळी वर्षं भरली.”

---

जुना_महसुली

नोंद उत्तम आहे. गट नंबर घाला, तारीख घाला, सांगणाऱ्याचं वय लिहा आणि खाली त्यांची सही किंवा अंगठा घ्या. दोन साक्षीदार, त्यातला एक तरी तुमच्या भावकीबाहेरचा, आणि जमलं तर गावातल्या दुसऱ्या तटातला. पेन्सिलीने लिहिलं असेल तर शाईने पुन्हा लिहा.